सुदर्शनचा उजवा हात

आमच्या सुदर्शनच्या हाताला काय झालंय हे सांगून सांगून माझं तोंड दुखायची पाळी आली, पण एकाच्या डोक्यात शिरेल तर शपथ! हात सरळ आहे, सूज नाही, प्लास्टर नाही. भाजीची पिशवी उचलतो, मोटारसायकल चालवतो, भाकरी मोडून खातो. मग झालंय काय, असं लोक विचारतात. मी सांगते, बाबांनो, त्याला बॉल फेकता येत नाही. "एवढंच होय?" म्हणतात आणि हसतात. त्या 'एवढंच'नं माझ्या डोक्यात अशी तिडीक जाते की हातातलं लाटणं फेकून मारावं वाटतं.

सुदर्शन माझा धाकटा भाऊ, सव्वीस वर्षांचा घोडा. औशाजवळच्या एका खेड्यात आमचं घर. आई पंचफुलाबाई आणि आण्णा, म्हणजे आमचे वडील रामकिशन, तिथं शेती करतात. मी सिंधु. लग्न होऊन लातूरला आले. आमचे मालक एसटीत कंडक्टर आहेत आणि मी मेस चालवते. डॉक्टर व्हायचं म्हणून गावोगावची पोरं लातूरला येतात, क्लास लावतात, खोली करून राहतात. त्यांना माझे डबे. सुदर्शन अकरावीपासून माझ्याकडंच आहे. सकाळी डबे पोचवतो आणि ऊन उतरलं की मैदानावर बेसबॉल खेळायला जातो. हो, बेसबॉल. क्रिकेट नाही. हे पण दर खेपेला सांगावं लागतं.

हे खूळ त्याच्या डोक्यात शाळेतल्या खेळाच्या सरांनी भरलं. क्रिकेटला रांगा लागल्यात, तिथं तुझा नंबर कवा लागणार? हा खेळ घे, राज्याकडून खेळ, मेडल आण, खेळाडूच्या कोट्यातून नोकरी लागेल. सरांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांची तीन-चार पोरं खरंच पोलिसात गेली. पण बाकीची पोरं नोकरीसाठी खेळली आणि आमचं येडं खेळाच्याच प्रेमात पडलं. तो पिचर आहे. मधोमध मातीच्या उंचवट्यावर उभं राहून जो बॉल टाकतो तो पिचर. समोर बॅट घेऊन एक जण उभा असतो, आणि त्याच्या मागं उकिडवा बसून बॉल झेलणारा कॅचर. सुदर्शनचा कॅचर म्हणजे रेवणसिद्ध. शाळेपासूनचा जोडीदार. तो मला म्हणायचा, "आक्का, सुद्याचा बॉल ग्लोव्हमधी बसला की तळहाताला मुंग्या येतात बगा." मी एकदा बघायला गेले होते. मला खेळातलं काही कळलं नाही. पण त्या उंचवट्यावर उभा राहिलेला माझा भाऊ घरातल्यासारखा खांदे पाडून उभा नव्हता, एवढं कळलं. तिथं त्याला बघून मला उगंच रडू आलं.

मग दोन वर्षांखाली त्याचं बिनसलं. बॉल जागेवर पडेना. चांगल्या चांगल्या गड्यांना घाम फोडणारा हा, आता ह्याला साध्या पोरांना पण बाद करता येईना. संघाचे कोच सर ओरडायचे, "ध्यान कुठाय तुझं? पोरीबिरीचं काही हाय का?" पोरगी कुठली आणि काय कुठलं! कोपर दुखत होतं. पण हा सांगतो कशाला? सांगितलं की संघातून नाव जाणार. गपचूप गोळ्या गिळायचा, झेंडू बाम चोळायचा आणि खेळायचा. माझ्या मेसमधल्या पोरांच्या डब्याला त्या बामाचा वास यायला लागला तेव्हा मला कळलं. एका पोरानं फोन करून विचारलं, "मावशी, भाजीत काय टाकलंय?" काय सांगू त्याला, कपाळ माझं!

फेब्रुवारीत नांदेडला मॅच होती. तिसऱ्या की चौथ्या इनिंगला सुदर्शननं बॉल टाकला आणि कोपरात कट्‌ असा आवाज झाला. रेवणसिद्ध म्हणतो, त्याला तो आवाज बॅटवाल्याच्या मागं बसून ऐकू आला. बॉल कुठल्या कुठं गेला आणि हा कोपर धरून खाली बसला.

नांदेडच्याच एका मोठ्या दवाखान्यात दाखवलं. मी गेले, आण्णांना गावाहून बोलावून घेतलं. डॉक्टर तरुण होते, शांत होते, त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. कोपराच्या आतल्या अंगाला दोन हाडांना धरून ठेवणारी एक पट्टी असते, ती तुटली. आता डाव्या मनगटातून एक दोरीसारखी शीर काढायची, उजव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडायची आणि बाजेला सुतळी ओवावी तशी ती त्यातून ओवायची. वर्षभर खेळ बंद. त्यानंतर बऱ्याच जणांचा हात पहिल्यासारखा होतो. सगळ्यांचा नाही.

"अन् ऑपरेशन केलंच न्हाई तर?" आण्णांनी विचारलं.

"तर काहीच अडणार नाही," डॉक्टर म्हणाले. "शेती करेल, गाडी चालवेल, लेकरं खेळवेल. फक्त पिचिंग करता येणार नाही."

"मंग झालंच की!" आण्णा खुर्चीतून उठलेच. संकट टळलं अशा तोंडानं त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. सुदर्शन तसाच बसून राहिला. त्याच्याकडं बघून मी म्हणलं, डॉक्टरसाहेब, आम्हाला ऑपरेशनची तारीख द्या. त्यांनी मे महिन्याची तारीख दिली.

जिन्यात आण्णांनी मला गाठलं. "सिंधे, तुझं डोस्कं फिरलंय का? एक हात बिघडला म्हणून चांगला हात कापायचा? कशासाठी? त्या चेंडूसाठी?" मी म्हणलं, आण्णा, त्याला दुसरं काही नको आहे. तर म्हणाले, "लेकराला चंद्र बी पायजे असतोय." पुढं चालणाऱ्या सुदर्शननं ते ऐकलं. तो सरळ स्टँडकडं चालायला लागला.

त्यानंतरचे महिने देवानं वैऱ्याला पण दाखवू नयेत. घरात एक फुगलेला माणूस. चहा दिला तर गार झालाय, गरम करून दिला तर नको. डबे पोचवायला गेला की पोरांशी भांडून यायचा. एका पोरानं वरण पातळ आहे म्हणलं तर हा त्याला म्हणाला, "अभ्यास जाड कर." बरं, मी काही विचारलं तर, "तुला काय कळतंय?" आता मला काय कळतंय! तुझे दोन वेळचे भाकर-तुकडे कळतात बाबा, बाकी काय कळणार? आमचे मालक बिचारे ड्यूटीवरून यायचे आणि आमची भांडणं बघून परत खाली जाऊन बसायचे.

एप्रिल संपता संपता तो गावाकडं दोन दिवस राहून आला आणि एकदम बदलला. चिडचिड कमी. मग म्हणाला, नांदेडला रक्त तपासायला बोलावलंय, रेवणसिद्धला घेऊन जातो. मी म्हणलं जा. फक्त एक गोष्ट मला खटकली. लातूरचं मे महिन्याचं ऊन, माणसाच्या अंगावर बनियन नको वाटतं, आणि हा बाबा फुल बाह्यांचा शर्ट घालून फिरायलाय. मला वाटलं, हाताची लाज वाटत असेल. म्हणून मी बोलले नाही.

आण्णा, सुदर्शन आणि मी ऑपरेशनसाठी भरती व्हायला गेलो त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, बाही वर करा. हा वर करेना. "असू द्या, दुखतंय," म्हणाला. डॉक्टरांनी स्वतःच बटण काढलं. बाही आतून चिकटली होती. ती त्यांनी हळूहळू सोडवली. कोपराच्या आतल्या बाजूला, बरोबर जिथं कापायचं तिथं, बोटाएवढे तीन डाग. जळालेले. त्यातून पू येत होता.

आमच्याकडं बैलाचा खांदा आला, म्हणजे जू घासून सुजला, की तापवलेल्या सळईनं डाग देतात. देवणीकडं रामलिंग नावाचा एक म्हातारा आहे, डाग द्यावा तर त्यानं, असं लोक म्हणतात. बैलाला देतो, म्हशीला देतो आणि कंबर धरलेल्या माणसांना पण देतो. डॉक्टरांनी विचारलं, "हे कुणी केलं?" तर आण्णा पुढं झाले. "म्या नेलतं त्याला."

डॉक्टर शांत माणूस, पण त्यांचा पण तोल गेला. "अहो, हे जनावर आहे का? आता या कातडीतून मी आत कसा जाऊ? आत पू गेला तर हात कायमचा जाईल! काही होणार नाही आता. घेऊन जा. हे भरून येऊ द्या, मग बघू."

"बैलाला गुण येतोय," आण्णा एवढंच म्हणाले, ते पण हळू आवाजात.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दवाखान्याच्या दारात, येणारी-जाणारी माणसं बघत असताना, मी माझ्या बापाला नाही नाही ते बोलले. तुम्हाला त्याचा हात बरा व्हायलाच नको होता, म्हणलं. तुम्हाला तो औताला जुंपायचा आहे, म्हणलं. आण्णा टोपी हातात घेऊन उभे होते. सुदर्शन चपलेनं माती उकरत होता. मी माझ्या भावाला ओढत गाडीत बसवलं आणि त्या दिवसापासून आण्णांशी बोलणं टाकलं. सगळा पावसाळा टाकलं. आईचा फोन आला आणि ती म्हणाली, "आण्णाला देऊ का?" की मी म्हणायचे, भाजी करपायलीय, ठेवते.

पोळ्याला मात्र आई रडायला लागली. म्हणाली, सणाला तरी या दोघं. गेलो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदमळणी असते. वर्षभर जू ओढलेल्या बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळायचे, उद्या जेवायला या म्हणून बैलांना आवतण द्यायचं. आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलायला आला होता. आण्णा अंगणात बैलाच्या खांद्याला तूप चोळत बसले होते. दोन्ही हातांनी, हलक्या हातानं, बैलाशी बोलत बोलत. ते बघितलं आणि माझ्या तोंडावरचं झाकण उडालं.

"वा रे न्याव! बैलाला तूप अन् पोराला सळई!"

आण्णांचा हात थांबला. परत चोळायला लागले. मी आणखी बोलणारच होते, तेवढ्यात मागून सुदर्शन ओरडला. इतक्या जोरात की बैल बिथरला.

"आण्णाला काय बोलतीस? मीच म्हणलो त्यांना! मीच!"

मी वळून बघितलं. त्याचं तोंड लालबुंद झालं होतं.

"मला राज्याच्या संघाची चाचणी खेळायची होती. ऑपरेशनच्या आधी होती, नांदेडलाच. ऑपरेशन केलं की वर्ष गेलं, अन् वर्षानं हात यील का न्हाई कुणाला ठाव? म्हणलं डागानं थांबलं तर थांबलं. आण्णा नको म्हणले. दोनदा नको म्हणले. मी म्हणलो, तुम्ही न्हाई आलात तर एकटा जातो. मंग आले."

"म्हणजे रक्त तपासायला गेलतास ते..."

"चाचणीला गेलतो."

"खेळलास?"

"एक इनिंग." त्याचा आवाज खाली आला. "लई भारी गेली, आक्का. कातडं एवढं पेटलं होतं की आतलं दुखणं कळतच नव्हतं. तिघं बॅट घेऊन आले, तिघं बाद. मला वाटलं सुटलो. दुसऱ्या इनिंगला बोटंच कळंनात. बॉल कुठं जायलाय मलाच दिसंना. एकाच्या बरगडीत बसला, ते पोरगं लोळलं तिथंच. सरांनी काढलं मला. हदगावचा एक डावखुरा घेतला."

मग मी आण्णांवरच उलटले. मला तेवढंच येतं. "मग तुम्ही कामून गप बसलात? दवाखान्यात चार माणसांत मी तुमची अब्रू काढली, सगळा पावसाळा बोलले नाही, एका शब्दानं सांगायला काय झालं होतं?"

आण्णा बैलाच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले, "मला बोलून तुझं काय बिघडलं? त्याला तसं बोलली असतीस तर ते पोरगं कुठं गेलं असतं? तुझंच एक घर हाय त्याला."

मी तिथंच शेणा-मातीत मटकन बसले आणि लहान लेकरासारखी रडले. आई बाहेर येऊन बघून गेली, तिला काही कळलं नाही. राग गेला का म्हणाल, तर नाही गेला. उलट वाढला. आधी एका माणसावर होता, आता दोघांवर होता. शिवाय त्या कोच सरांवर, त्या रेवणसिद्धवर, आणि मला एक शब्द न सांगणाऱ्या सगळ्या पुरुषांवर.

दसऱ्याच्या सुमाराला परत डॉक्टरांकडं गेलो. जखम भरली होती, पण कातडं चामड्यासारखं जाड झालं होतं. डॉक्टरांनी बराच वेळ दाबून बघितलं. म्हणाले, करता येईल. पण मागं जेवढ्या भरवशानं बोललो होतो तेवढ्या भरवशानं आता बोलत नाही. कापायच्या जागीच हे झालंय, आतली नस पण थोडी दुखावलेली दिसते. विचार करून सांगा.

परतीच्या एसटीत मी त्याला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? आण्णांचं सोड, माझं सोड.

"मला विचारू नको."

"मग कुणाला विचारू? ड्रायव्हरला?"

लोहा गाव मागं गेलं तरी तो खिडकीबाहेरच बघत होता. मग म्हणाला, "करायचं म्हणलं की भ्या वाटतंय. न करायचं म्हणलं की अजून भ्या वाटतंय. कोट्यातली नोकरी गेली बग आता, हात येईपर्यंत ते वय निघून जातंय. त्या डावखुऱ्याला माझ्या जागेवर बघायची लोकांना सवय बी झाली. मला सगळं कळतंय. पण आक्का, मला दुसरं येतंय काय?"

"डबे पोचवता येतात की," मी म्हणलं. हसवायला म्हणलं होतं. तो हसला नाही. परत खिडकीकडं वळला, आणि मला माझ्याच तोंडात मारून घ्यावं वाटलं. स्टँडवर उतरताना एवढंच म्हणाला, "तारीख घे."

दिवाळी झाली आणि आम्ही नांदेडला गेलो. आण्णा गावाहून परस्पर आले होते, आमच्या आधी येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. नवं धोतर, धुतलेली टोपी. सुदर्शननं पाया पडल्यासारखं केलं, आण्णांनी आशीर्वाद दिल्यासारखं केलं. दोघं एकमेकांकडं बघत नव्हते.

आत भरती करून घेणारी सिस्टर होती. नाव विचारलं, गाव विचारलं, वय विचारलं. याआधी कुठलं ऑपरेशन झालंय का, शुगर आहे का, सगळं विचारलं. सुदर्शन एकेका शब्दात उत्तरं देत होता.

"काम काय करता?"

सिस्टरनं वर बघितलं. मागं रांग होती. 'मेसचे डबे पोचवतो' असं माझ्या ओठावर आलं होतं, पण मी गिळलं.

"नोकरी आहे का? धंदा? का नुसतं घरी?"

"शेती लिहा," सुदर्शन म्हणाला. मान खाली घालून म्हणाला.

सिस्टरनं पेन टेकवला, तेवढ्यात आण्णांनी मला बाजूला सारलं आणि टेबलावर हात ठेवला. आण्णा कुठल्या साहेबापुढं आवाज चढवत नाहीत. तलाठ्यापुढं पण नाही. पण त्या दिवशी पार बाहेरच्या बाकावरची माणसं माना वळवून बघायला लागली.

"शेती म्या करतो, बाई. हे पोरगं पिचर हाय. बॉल टाकतंय. तेच लिवा. न्हाईतर कशाला कापायलाव त्याचा हात?"